मेंदीच्या दिवशी गाडी तापली

मिसबाचे दोन्ही हात कोपरापर्यंत मेंदीने भरून तिला खुर्चीत बसवून ठेवलं होतं, आणि एका जागी बसणं तिच्या स्वभावातच नव्हतं. मेंदी काढणारी बाई जाताना बजावून गेली होती, की संध्याकाळपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. हात नव्हते, पण पाय तर मोकळे होते. ती खिडकीशी जाई, खाली पार्किंगमधल्या पांढऱ्या गाडीकडे बघे, येऊन बसे आणि पुन्हा उठे.

"बस की गं जरा," तिची अम्मी हुस्नबानू स्वयंपाकघरातून ओरडली. "उद्या निकाह आहे तुझा, परीक्षा नाही."

परीक्षा असती तर परवडलं असतं, असं मिसबाला वाटलं. परीक्षेत निदान माणसाला काहीतरी करता येतं.

घोडं अडलं होतं त्या गाडीपाशी. गाडी तिच्या आजोबांनी घेतलेली. तशा गाड्या आता रस्त्यावर दिसत नाहीत, आणि दिसलीच एखादी तर लोक मोबाइल काढून फोटो घेतात. घरात एक रीत पडून गेली होती. कुणी घालून दिली नव्हती, पण मोडलीही कुणी नव्हती. घरची मुलगी सासरी जाणार ती याच गाडीतून, आणि गाडी चालवणार तिचा बाप. दोन्ही आत्या अशाच गेल्या. थोरली बहीण मेहजबीन अशीच गेली. माझ्या वेळी मी मागे नटून बसणार नाही, पुढे अब्बांच्या शेजारी बसणार, हे मिसबाने शाळेत असल्यापासून जाहीर करून ठेवलं होतं.

आणि परवा विश्रांतवाडीच्या चौकात, सिग्नलला उभी असताना गाडी तापली. बॉनेटखालून वाफ, मागून हॉर्न. तिचे अब्बा, शमशुद्दीन, घरी आले ते निकाल लावूनच. "हेड गॅस्केट गेलंय, असं यज्ञेश्वर म्हणतो. इंजिन उघडावं लागेल, लग्नाआधी काही व्हायचं नाही. तुझ्या सासरची, कासिमच्या घरची गाडी येईल, मी बोललोय त्यांच्याशी." एवढं सांगून ते जेवायला बसले आणि रस्सा अळणी झालाय म्हणाले.

"मी बघू का एकदा?" मिसबाने विचारलं होतं.

"नवरीला आणखी काही उद्योग नाहीत वाटतं," शमशुद्दीन म्हणाले.

हे तिला लागलं. गाड्यांच्या पोटात डोकं घालणं हा तर तिचा रोजचा धंदा होता. एका विमा कंपनीसाठी ती अपघातातल्या गाड्या तपासायची. गाडी खरोखर आपटली, की पैशासाठी आपटवली, हे तिला पत्र्याच्या घडीवरून कळायचं. आणि हे सगळं तिला शिकवलं कुणी? याच अब्बांनी, याच गाडीवर, रविवारी सकाळी, हातात पाना देऊन.

खरं तर तिला गाडीचं एवढं नव्हतं. हवी होती ती वाट. लग्न ठरल्यापासून अब्बा सगळ्यांशी बोलत होते, मंडपवाल्याशी थट्टा करत होते, कासिमच्या वडिलांना मिठ्या मारत होते. तिच्याशी मात्र कामापुरतं. ती समोर आली, की त्यांना काहीतरी आणायला जायचं आठवे. आळंदी रोडने होळकर पुलापर्यंत, तिथून खडकीला कासिमच्या सरकारी क्वार्टरपर्यंत, तेवढा वेळ तरी त्यांना तिच्या शेजारून उठून जाता आलं नसतं. लग्नात बापाकडून तिला एवढंच पाहिजे होतं, आणि नेमकं तेच हातचं चाललं होतं.

दुपारी अम्मीचा डोळा लागला. अब्बा स्कूटर घेऊन नारायण पेठेत गेले होते. तिथे त्यांचं बुकबाइंडिंगचं दुकान, आणि कुण्या विद्यार्थ्याचा प्रबंध आजच्या आज द्यायचा होता. लेकीची मेंदी असली म्हणून काय झालं, लोकांच्या पदव्या थोड्याच थांबतात! मिसबाने दुपट्ट्याला किनार लावत बसलेल्या मेहजबीनला पायाने ढोसलं.

"आपा, चल खाली."

"वेडी झालीस? हळद लागलेली नवरी पार्किंगमध्ये?"

"मला हात नाहीत. तुझे दे थोडा वेळ."

मेहजबीनने तिच्याकडे बघितलं, सुई दुपट्ट्यात खोचली आणि खुंटीवरची किल्ली घेतली. नगरहून परत आल्यापासून ती कुणाशी वाद घालत नसे. सासरी असतानाच्या वर्षांत तिने बहुधा आयुष्यभराचे वाद संपवले होते.

बॉनेट उघडून टेकू लावला. मिसबा समोर उभी, हात छातीपुढे धरलेले, बोटं फाकलेली. नुसतं बघायचं म्हणजे शिक्षाच होती. तिची बोटं आपोआप पुढे जात आणि मेहजबीन त्यांच्यावर डोळे वटारी.

"इंजिन थंड आहे, रेडिएटरचं झाकण उघड. गरम असताना कधी उघडायचं नाही, तोंड भाजेल. फडक्याने धर. पाणी दिसतंय?"

"काठोकाठ."

"झाकणाचं रबर बघ. चिरलंय? नाही ना? लाव परत. आता ती ऑइलची पट्टी काढ. तिच्यावर दुधाळ काही आहे?"

"काळं आहे. जुन्या ऑइलसारखं."

मिसबाच्या कपाळाला आठी पडली. गॅस्केट फाटलं तर बहुतेक वेळा पाणी ऑइलमध्ये शिरतं, आणि मग ऑइलचा चहा होतो. इथे तसं काहीच नव्हतं. "चालू कर गाडी. मागे जाऊन बघ, पांढरा धूर येतोय?"

धूरही नव्हता. इंजिन गुरगुरत राहिलं. पंपाचा पट्टा ताठ होता. थोड्या वेळाने वरचा पाइप गरम झाला, मग खालचाही झाला. म्हणजे पाणी फिरत होतं, कुठे तुंबलं नव्हतं. तेवढ्यात खट्ट झालं आणि रेडिएटरमागचा पंखा घरघरायला लागला.

"पंखाही चालू झाला," मेहजबीन म्हणाली. "सगळं तर ठीक आहे. मग?"

"तापमानाचा काटा बघ."

मेहजबीनने खिडकीतून आत डोकावलं. "वर चाललाय. अजून वर. अगं, लाल रेघेच्या जवळ आला!"

"बंद कर! यज्ञेश्वरकाकांना फोन लाव."

यज्ञेश्वर आळंदी रोडवरचे जुने मेकॅनिक. फोन मेहजबीनने तिच्या कानाशी धरला. मिसबाने विचारलं, की गॅस्केट कुठल्या बाजूने गेलंय.

"कुणाचं गॅस्केट?" यज्ञेश्वर म्हणाले. "तुमची गाडी दिवाळीनंतर माझ्या दारात आलेली नाही. तुमच्या वडिलांनी स्वप्नात आणली असेल तर मला कल्पना नाही, मी दुपारी झोपत नाही."

फोन बंद झाला तरी मिसबा तशीच उभी राहिली. अब्बा खोटं बोलले? दूधवाल्याला सुट्टे नाहीत म्हणून खोटं सांगता न येणारे अब्बा? असं का, या प्रश्नाला हात घालायची तिची हिंमत होईना, म्हणून तिने पुन्हा गाडीच धरली. "जरा निवली असेल. चालू कर परत."

पंखा पुन्हा घरघरला. मिसबा गाडीच्या नाकासमोर जाऊन उभी राहिली, हात पुढे केलेले.

"चला, एक तरी काम झालं," मेहजबीन म्हणाली. "मेंदी वाळतेय बघ तुझी. कडा पांढऱ्या व्हायला लागल्या."

मिसबाने हातांकडे बघितलं. खरंच वाळत होती. तळहातावर गरम वारा येत होता, ड्रायर लावावा तसा. ती एकदम मागे सरली आणि पुन्हा पुढे आली.

"आपा, हा वारा इकडे कसा येतोय?"

"म्हणजे?"

"पंखा रेडिएटरच्या मागे आहे. त्याचं काम बाहेरची गार हवा जाळीतून आत ओढायची. इथे समोर उभं राहिलं तर हवा आत जाताना जाणवली पाहिजे. ही बाहेर येतेय. एक पातळ कागद आण कुठलातरी."

मेहजबीनच्या कुर्त्याच्या खिशात मिठाईच्या डब्यातला बटर पेपर होता. तिने तो जाळीपुढे धरून सोडला. कागद जाळीला चिकटायला हवा होता. तो उडाला आणि मिसबाच्या पिवळ्या कुर्त्यावर येऊन आपटला.

"उलटा फिरतोय," मिसबा म्हणाली. आनंदाने ती जागच्या जागी उडी मारणार होती. "फिरतोय म्हणून कुणाला शंका येणार नाही, पण उलटा! इंजिनाची गरम हवाच रेडिएटरवर मारतोय. सिग्नलला उभं राहिलं की तापणारच. बंद कर, बंद कर! पंख्याच्या दोन वायरी बघ, मोटरपासून निघतात त्या."

मेहजबीन वाकली. सापडल्या, म्हणाली, आणि आणखी खाली वाकून बोटाने काहीतरी चाचपायला लागली.

"काय झालं? प्लग उलटा बसवलाय का? बसत नाही खरं तर उलटा, खाच असते त्याला."

"प्लग बरोबर आहे," मेहजबीन म्हणाली. "त्याच्या अलीकडे वायरी कापल्यात. कापून इकडची तिकडे जोडलीय. वरून टेप आहे, नवी. आणि टेपवर दोरा."

मिसबाने बॉनेटखाली मान घातली. दोरा पांढरा, मेण लावलेला, शेजारी शेजारी घट्ट वेढे दिलेले, शेवटी चपटी गाठ. पुस्तकाचे फर्मे, म्हणजे पानांचे गठ्ठे, शिवायचा दोरा. त्या घरात काहीही मोडलं की त्याला हाच दोरा बसे. अम्मीच्या चष्म्याची काडी, दुधाच्या पातेल्याचा कान, दोघींच्या दप्तरांचे पट्टे. सगळ्या पुण्यात वायरीवर अशी गाठ मारणारा माणूस एकच होता.

"चुकून झालं असेल," मेहजबीन पुटपुटली.

"चुकून दोन्ही वायरी कापल्या? चुकून तिरक्या जोडल्या? आणि यज्ञेश्वरकाकांचं नाव चुकून घेतलं?" मिसबाचा आवाज चढला. कुण्या परक्याची गाडी असती, तर तिने अहवालात सरळ लिहिलं असतं, की बिघाड मुद्दाम केलेला आहे. "मला सासरी सोडायचं नाही, एवढं तोंडाने सांगता येत नव्हतं? रीत मोडायची होती तर मोडायची ना! गाडीला कशाला छळायचं? कासिम आवडला नाही का त्यांना? की मी नकोशी झाले?"

"मिसबा."

"काय मिसबा? महिनाभर माझ्याकडे बघत नाहीत ते!"

"तुझ्यामुळे नाही," मेहजबीन म्हणाली. ती गाडीला टेकली होती आणि तिचा चेहरा उतरला होता. "माझ्यामुळे."

मिसबाला आठवलं. आपाच्या लग्नात अब्बांनी नगरपर्यंत गाडी चालवली होती, वाटेत गाणी म्हटली होती, सासरच्या दारात गल्लीभर ऐकू जाईल असा हॉर्न वाजवला होता. आणि आत त्या घरात पुढे काय काय झालं, ते आपाने सगळं कधी सांगितलंच नाही. जेवढं कळलं तेवढ्याने अब्बांचे केस पिकले.

तेवढ्यात स्कूटर आली. शमशुद्दीननी ती फाटकातच थांबवली. उघडं बॉनेट, पिवळ्या कपड्यातली एक लेक, ग्रीसने हात काळे झालेली दुसरी. एवढं बघून त्यांना काय कळायचं ते कळलं. तरी ते म्हणाले, "गॅस्केटच्या गाडीला हात लावू नये. आणखी बिघडते."

"गॅस्केट दोऱ्याने शिवता येतं का अब्बा?" मिसबा म्हणाली. "विचारते आपली. मला बाइंडिंगमधलं कळत नाही."

शमशुद्दीननी हेल्मेट काढलं, आणि ते कुठे ठेवावं हे न सुचल्यासारखे दोन्ही हातांत धरून उभे राहिले. मग पार्किंगच्या कठड्यावर बसले. मिसबाला त्यांच्यावर ओरडायचं होतं, पण त्यांना असं बसलेलं बघून तिचा राग जागच्या जागी विरघळला आणि तिला नुसतं रडू यायला लागलं.

"मी कासिमला वाईट म्हणत नाही," ते जमिनीकडे बघत म्हणाले. "चांगला आहे मुलगा. हिचा नवराही चांगलाच वाटला होता. हिला मी स्वतः नेऊन दिलं. माझ्या हाताने. कुणी विचारलं असतं, कुठे नेतोस, तर अभिमानाने सांगितलं असतं. गल्लीत हॉर्न वाजवून आलो मी." त्यांनी हेल्मेट हातात फिरवलं. "परत तेच स्टिअरिंग धरायचं, परत तसंच न्यायचं, हे माझ्याने होत नाही. हे कुणाला सांगायचं? नवरीला सांगायचं? म्हटलं, गाडीच 'नाही' म्हणाली तर कुणाला काही विचारता येणार नाही."

वरच्या मजल्यावर कुणाचा तरी कुकर शिट्या देत होता. मग मेहजबीन बोलली, आणि एवढं सलग बोलताना मिसबाने तिला कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं.

"नेलंत ते तुम्हाला आठवतं, अब्बा. मला ते आठवतसुद्धा नाही आता. मला आणलंत ते आठवतं. मी फोनवर फक्त 'अब्बा' म्हणाले होते. काय झालं, कोण चुकलं, लोक काय म्हणतील, तुम्ही एक शब्द विचारला नाहीत. 'निघालो' म्हणालात. मी खिडकीत उभी राहिले, आणि ही गाडी गल्लीत वळताना दिसली तेव्हा मला पहिल्यांदा पोटभर श्वास घेता आला. त्या घरात मी जेवढी टिकले, ती तुमच्याकडे चालू गाडी आहे एवढ्या भरवशावर टिकले." तिने काळे हात कुर्त्याला पुसले. "हिला सोडायला जायचं नसेल तर नका जाऊ. पण ही बंद पाडून ठेवलीत, आणि उद्या हिने हाक मारली, तर कशात जाल?"

शमशुद्दीननी वर बघितलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं भान त्यांना नव्हतं. मेहजबीन त्यांच्याजवळ जाऊन बसली आणि तिने त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं. मिसबाला दोघांना मिठी मारायची होती. ती हात वर धरून त्यांच्यासमोर नुसतीच रडत उभी राहिली.

थोड्या वेळाने ते उठले. स्कूटरच्या डिकीतून ब्लेड आणि टेप काढली, बॅटरीची वायर सोडवली आणि आपलीच गाठ कापली. वायरींची टोकं ब्लेडने सोलली. काळी काळीला, लाल लालला. मिसबा वाकून बघत होती.

"बरोबर आहे ना, सर्व्हेअर मॅडम?" त्यांनी विचारलं. महिनाभरात त्यांनी तिच्याशी केलेली ही पहिली थट्टा होती.

गाडी चालू केली. पंखा फिरायला लागल्यावर मेहजबीनने बटर पेपर सोडला. तो जाळीला असा चिकटला, की नखाने काढावा लागला.

"उभ्या गाडीचं काही खरं नाही," शमशुद्दीन म्हणाले. "सिग्नलला नेऊन बघू. बसा."

गॅलरीतून अम्मीचा आवाज आला. ती जागी झाली होती आणि तिला धक्का बसला होता. "अहो, नवरीला कुठे घेऊन चाललात?"

"तपासणीला!" शमशुद्दीननी ओरडून सांगितलं आणि गाडी फाटकाबाहेर काढली.

मिसबा पुढे बसली. पट्टा आपाने लावून दिला. चौकात नेहमीसारखी गर्दी होती, सिग्नल सुटता सुटत नव्हता, आणि तिघांचे डोळे काट्यावर. काटा चढला. मधली रेघ ओलांडून वर सरकला आणि मिसबाचा जीव टांगणीला लागला. मग पुढून पंख्याची घरघर ऐकू आली, आणि काटा थबकून हळूहळू खाली आला. शमशुद्दीननी रोखलेला श्वास सोडला. सिग्नल हिरवा झाला, मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न वाजवून त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, तरी ते अजून काट्याकडेच बघत होते.

परत वळायचं तर तिथेच वळायला हवं होतं. ते वळले नाहीत. डेक्कन कॉलेज मागे पडलं, होळकर पूल आला. मिसबाने त्यांच्याकडे बघितलं. खडकीत शिरून कासिमच्या क्वार्टरची गल्ली दिसायला लागली, तशी तिने दुपट्टा नाकापर्यंत ओढला. "अब्बा, लग्नाच्या आदल्या दिवशी! कुणी बघितलं तर?"

"गल्लीत नाही जात," ते म्हणाले.

गल्लीच्या तोंडाशी एक रुंद जागा होती. तिथे त्यांनी गाडी पुढे-मागे करत पूर्ण फिरवली आणि झाडाखाली उभी केली. आता गाडीचं तोंड विश्रांतवाडीकडे, घराकडे होतं. क्वार्टरकडे त्यांनी ढुंकूनही बघितलं नाही. ते आले त्या रस्त्याकडे बघत होते, कुठे वळण आहे, कुठे गर्दी होते, सगळं डोळ्यांत साठवून घेत असल्यासारखे.

"उद्या इथेच लावीन," ते म्हणाले. "अशीच. तू आत गेलीस की मी लगेच निघणार नाही. जरा वेळ थांबेन इथे."

मिसबाने काट्याकडे बघितलं. ती म्हणाली, "आता तापत नाही ती, अब्बा."

"माहीत आहे," शमशुद्दीन म्हणाले. "तरी थांबेन."